एकाच होडीत गरी आणि कॅमेरा

वाचकाचं पत्र:

"दर दिवाळीला आम्ही मालवण तालुक्यात, कर्लीच्या खाडीकाठी माझ्या सासरी जातो. लक्ष्मीपूजन आटोपलं की दुसऱ्या दिवसापासून सासरे (सगळे त्यांना अण्णा म्हणतात), माझा नवरा, भावजी आणि मुलं होडी घेऊन गरवायला, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरायला जातात. दोन वर्षांपूर्वी भिशीच्या पैशांतून मी कॅमेरा आणि १५०-६००ची लेन्स घेतली. तेव्हापासून मीही जाते, पण पक्ष्यांसाठी. खंड्या दिसला की मी उभी राहते, होडी हलते, अण्णा काहीच बोलत नाहीत. गेल्या भाऊबिजेला ते सगळे मला न उठवताच गेले. नवरा म्हणतो, 'एक तर आमच्याबरोबर ये, नाही तर कॅमेऱ्याबरोबर.' भावजी मात्र हौसेने माशांची मुंडकी फेकून घारी बोलावतात. त्यातला एक फोटो फार गाजला, पण मला आतून बरं वाटलं नाही. अकरा वर्षांच्या मुलाला शेजारच्या वाडीतल्या समुद्रगरुडाच्या घरट्याचा फोटो हवाय. आणि निघायच्या दिवशी कांदळात (खारफुटीत) तंगुसात, म्हणजे गरीच्या नायलॉनच्या दोरीत, अडकून मेलेला एक बगळा पाहिला, तो डोक्यातून जात नाही. पुढच्या वर्षी यांच्याबरोबर न जाता पक्षीनिरीक्षणाच्या एखाद्या सहलीला नाव नोंदवू का?

ता. क. कांदळाच्या मुळांवर एक बुटका, मान आखडलेला, राखी-हिरवट पक्षी रोज त्याच जागी बसलेला असतो. अण्णा त्याचं काहीतरी नाव घेतात, ते मला कधी नीट ऐकू आलं नाही.

– खाडीकाठची सून, डोंबिवली"

ताई,

सहलीला जरूर जा. चार जाणकारांबरोबर फिरलं की डोळा तयार होतो. पण ती सहल भिगवणची करा, जानेवारी-फेब्रुवारीत, उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित (फ्लेमिंगो) आलेले असतात तेव्हा. दिवाळीतल्या होडीतली जागा सोडू नका. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते 'न उठवताच गेले' हे. आणि खरं सांगायचं तर, अण्णांच्या जागी मी असतो तर मीही तुम्हाला उठवलं नसतं.

रागावू नका. गरवणाऱ्याच्या बाजूने एकदा बघा. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते. पाण्यातली थरथर त्याला तिथून कळते. आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. तुम्ही खंड्या बघून ताडकन उभ्या राहिलात आणि टाच फळीवर आपटली, की खालच्या काळुंदर माशाला ते तुमच्या नवऱ्याच्या आधी समजतं. अण्णांनी अर्धा तास बोटावर तंगूस धरून जी शांतता जमवलेली असते, ती तिथेच संपते. ते बोलत नाहीत कारण सुनेला काय बोलायचं. मुलाला कधीच बोलले असते.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, अनुभवाने सांगतो. बावीस-तेवीस वर्षांचा असताना मामाच्या होडीत मीही असाच उठलो होतो. समोर चिपीच्या फांदीवर खंड्या, हातात मित्राकडून मागून आणलेला कॅमेरा. होडी एका अंगाला कलली, मी कसाबसा सावरलो, पण मामाची टोपली कलंडली आणि सकाळपासून गरवलेली सगळी काळुंदरं खाडीत परत गेली. मामा रात्री जेवायला बसेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग भाताचा पहिला घास घेऊन म्हणाला, "गावलो मां तुझो खंड्यो?" गावला नव्हता. रोल धुऊन आला तेव्हा त्यात नुसती हललेली फांदी होती.

तेव्हा पहिली गोष्ट, होडीत उभं राहणं बंद. त्याने तुमचे फोटोही सुधारतील, ते पुढे सांगतो. त्याआधी वेळेचं बघू, कारण तुमच्या घरातलं निम्मं भांडण वेळेचं आहे आणि ते तुम्हा कुणाच्याच लक्षात आलेलं नाही.

कोकणात भरतीचं एक जुनं तोंडी गणित आहे. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाच्या सुमाराला खाडी भरलेली आणि बाराच्या सुमाराला सुकती. आता भाऊबीज घ्या. द्वितीया, म्हणजे दीड. दुपारी दीडच्या आसपास भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास आधी, सकाळी सातच्या पुढे-मागे, खाडी पार सुकलेली. मालवणकडे भरती मुंबईपेक्षा जरा आधी येते आणि खाडीत आत जावं तसा उशीर होत जातो, म्हणून तुमच्या धक्क्याची नेमकी वेळ अण्णांकडूनच घ्या. पण ढोबळ हिशेब बघा काय निघतो ते. अमावास्येला जोडून आलेली दिवाळी, म्हणजे उधाणाचे दिवस. सूर्य उगवतो तेव्हा चिखल उघडा पडलेला असतो, आणि ऊन चढायला लागतं तसं पाणी आत शिरतं. पक्ष्यांना उघडा चिखल हवा, तुम्हाला कोवळं ऊन हवं, अण्णांना वर चढणारं पाणी हवं. दिवाळीच्या त्या तीन-चार दिवसांत एकाच सकाळी तिन्ही मिळतात, ओळीने.

मग ते तुम्हाला न उठवता इतक्या लवकर का गेले? होडी बाहेर काढायला पाणी लागतं म्हणून, किंवा लांबच्या डोहाशी आधी पोचायचं म्हणून. ते विचारून घ्या. पण तुम्ही काठाने चालत जाऊ शकता. उजाडताना काठावर तासभर बसा, पोराला घेऊन. तुतवार चिखलावर शेपूट खालीवर करत पळत असतो, टिलवे असतात, बारके चिखले असतात. यातले बरेचसे पाहुणे पावसाळा संपता संपता येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये जातात, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत हा देखावा मिळत नाही. पाणी चढायला लागलं की चिखल आक्रसतो आणि हे पक्षी आपोआप काठाकडे, तुमच्याकडे सरकतात. तुम्ही एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. जो माणूस पक्ष्यामागे धावतो त्याला पाठमोरे फोटो मिळतात.

मग होडीत बसायचं. बसायचं म्हणजे फळीवर नाही, तळात. जुनी उशी घ्या खाली. तिपाई घरी ठेवा, डुलत्या होडीत तिचा काही उपयोग नाही. त्याऐवजी जाड कापडाची एक रिकामी पिशवी डोंबिवलीहून न्या, सासरी गेल्यावर तीत दोन-अडीच किलो भात (न सडलेलं धान्य) भरा आणि होडीच्या काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेका. परत येताना भात कणगीत. तळात बसल्याने तुमचा कॅमेरा पाण्याच्या जवळ येतो, पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडतो, मागचं पाणी आणि कांदळ मऊ होऊन जातं. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्षी कायम खाली बघितल्यासारखा, चिखलाला चिकटलेला दिसतो. म्हणजे अण्णांना हवं ते आणि फोटोला हवं ते एकच आहे. बीप बंद करा, आणि कॅमेऱ्यात बिनआवाजाचं शटर असेल तर ते लावा. त्या खटखटीने मासा पळत नाही, माणूस वैतागतो.

खंड्याच्या मागे होडी न्यायला सांगू नका. त्याची बसायची फांदी ठरलेली असते. फांदीखाली पानांवर आणि मुळांवर पांढरे शिंतोडे दिसले की समजायचं, ही त्याची बैठक. तिथून वीसेक मीटरवर होडी नांगरायची, ऊन पाठीशी घेऊन, आणि सगळ्यांनी गरवायला बसायचं. तो उडून गेला तरी परत येतो. बुडी मारायच्या आधी डोकं दोन-तीनदा खालीवर करतो, तेव्हा बोट बटणावर ठेवा. बसलेल्याला १/१००० सेकंदाचा शटर-वेग पुरे, बुडीला १/३२०० तरी लागेल, आणि पहिल्या पन्नास वेळा नुसतं पाणी मिळेल. काळा-पांढरा कवड्या खंड्या असेल तर काम सोपं, कारण तो पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो, तुम्हाला वेळ देतो. पांढऱ्या बगळ्यांना मात्र जपा. मागे कांदळाची गर्द सावली असली की कॅमेरा फसतो आणि बगळा चुन्यासारखा सपाट येतो, पिसं दिसतच नाहीत. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या.

खाऱ्या हवेचं एवढंच. होडीत लेन्स बदलायची नाही, घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने सगळं पुसायचं, मग कोरड्याने.

आता भावजींची मुंडकी. तुम्हाला बरं वाटलं नाही ना? तसं वाटलं ते बरोबरच. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर तुम्ही पाहिलं असेल, लोक चिप्स उधळतात आणि कुरव पक्षी लाँचच्या मागे गर्दी करून येतात. फोटो सगळ्यांचे सारखे. ते पाखरू मासा सोडून बटाट्यावर आलेलं असतं. ब्राह्मणी घार मुळात उष्टं-खरकटं उचलणारीच आहे, तिला मुंडकं मिळालं म्हणून आभाळ कोसळत नाही, पण माणसाच्या होडीजवळ खायला मिळतं हे तिला शिकवायचं कशाला? त्याच होडीत गरीला लावलेला सुंगटाचा (कोळंबीचा) तुकडाही असतो. घारीने तो उचलला की गरी तिच्या चोचीत. असं होतं.

पण भावजींना यावरून भाषण देऊ नका. तो माणूस तुमच्या छंदासाठी धडपडतो, तुमच्या घरात असा एकच आहे असं दिसतंय. त्याला दुसरं काम द्या. सकाळी बंदरावर होड्या लागतात, जाळी झाडली जातात, टाकाऊ मासळी वाळूवर पडते, तेव्हा घारी, बगळे आणि कावळे आपण होऊन येतात. ते रोजचं आहे, तुमच्यासाठी मांडलेलं नाही. भावजींची तिथे ओळख असणारच. तुम्हाला तिथे घेऊन जायला सांगा आणि फोटोत मासळी निवडणाऱ्या बायकाही येऊ द्या, त्यांना विचारून. तुमच्या गाजलेल्या फोटोखाली मात्र 'मासा टाकून बोलावलेली घार' असं लिहा. लाइक कमी होतील, झोप चांगली लागेल.

घरट्याचं उत्तर 'नाही' आहे. समुद्रगरुड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि १९७२च्या त्या कायद्यात शिकार या शब्दाची जी व्याख्या दिली आहे तीत पक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणंही येतं. पण पोराला कायदा सांगू नका, कावळा सांगा. गरुडाची जोडी त्याच घरट्यावर वर्षानुवर्षं नव्या काटक्या रचत जाते, आणि दिवाळीच्या सुमाराला तिची विणीची लगबग सुरू झालेली असू शकते. झाडाखाली माणसं जमली की मादी उठते, आणि कावळे त्याच संधीची वाट बघत असतात. तुम्ही घरी येऊन फोटो बघत असता, तेव्हा वर अंडं फुटलेलं असतं. तुमच्याकडे ६००ची लेन्स आहे. पलीकडच्या काठावरून, खाडी ओलांडताना, पायात मासा किंवा समुद्रसाप धरून येणारा गरुड मिळतो की नाही बघा. तो घरट्याच्या फोटोपेक्षा दसपट अवघड आहे, आणि अकरा वर्षांच्या मुलाला अवघड तेच हवं असतं. आणि कुठे काढला ते जागेसकट कुठेही टाकू नका, गावाचं नाव न लिहिता 'कोकण' पुरे.

त्या बगळ्याविषयी तुम्ही उघड विचारलेलं नाही, पण पत्रात तो प्रश्न आहेच: तंगूस आमचीच होती का? असेलही. नसेलही. कर्लीत शेकडो लोक गरवतात, जाळी टाकतात. गरी कांदळाच्या मुळात अडकली की माणूस काय करतो? दोन हिसके देतो, तंगूस तुटते, नवी गरी बांधतो. हात-दोन हात नायलॉन तिथे लोंबत राहतं. सुताची दोरी कुजून जायची, हे कुजत नाही. पाण्यात दिसत नाही म्हणून तर माशाला फसवायला वापरतात, मग ते बगळ्याला तरी कसं दिसणार? संध्याकाळी तो त्याच फांद्यांवर उतरतो, पाय अडकतो, फडफडतो, आणखी गुंततो.

यावर उपाय आहे आणि तो तुमच्या पोराचा आहे. सुकतीला मुळं उघडी पडतात तेव्हा अडकलेली तंगूस उन्हात चमकते, लांबून दिसते. पाणी जरा आत आलं की होडी मुळांना लावून कात्रीने ती कापून काढायची आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कोंबायची. चिखलात उतरायचं नाही, मांडीपर्यंत रुतायला होतं आणि मुळांवरची कालवं पाय कापतात. अण्णांच्या हरवलेल्या गऱ्या परत मिळतील ते वेगळंच, आणि मला वाटतं त्यांना ते फार आवडेल. आपली गरी अडकली तर हिसका न देता होडी तिथे नेऊन सोडवायची, एवढा नियम घरात करता आला तर उत्तम.

जिवंत अडकलेला पक्षी सापडला तर आधी टॉवेल टाकून डोकं झाका. अंधार झाला की तो शांत होतो. बगळा असेल तर तुमचा चेहरा त्याच्या चोचीपासून लांब ठेवा, तो थेट डोळ्यावर मारतो. पाय मोकळा करता आला तर करा, पण गरी गिळलेली असेल तर ओढू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा. तो आत्ताच मोबाईलमध्ये घालून ठेवा, होडीत शोधत बसू नका. आणि तेव्हा फोटो काढायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

नवऱ्याच्या 'एक तर आमच्याबरोबर, नाही तर कॅमेऱ्याबरोबर' याला तोंडाने उत्तर देऊ नका. पुढच्या दिवाळीत पहिल्या दिवशी कॅमेरा घरीच ठेवा. होय, घरी. फक्त दुर्बीण घ्या, ८×४२ची, आणि एक दोनशे पानी वही. अण्णांशेजारी बसा, गरी मागा, सुंगट कसं लावायचं ते शिका. शेपटाकडून की डोक्याकडून, यावर प्रत्येकाचं वेगळं शास्त्र असतं. वहीत वर तिथी, भरतीची वेळ, मग काय गावलं, मग काय दिसलं. मासे डावीकडे, पक्षी उजवीकडे. चार दिवसांत तुम्हाला दिसेल की खंड्या कुठे बसलाय यावरून अण्णा होडी कुठे लावायची ते ठरवतात, फक्त ते कधी बोलून दाखवत नाहीत. लहान मासळीचा थवा कुठे आहे ते सुरय पक्ष्याला आणि खंड्याला आधी कळतं. तो माणूस साठ वर्षं पक्षीनिरीक्षण करतोय, ताई. तुम्ही दोन वर्षं करताय.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घ्या, आणि पहिला फोटो त्यांच्या हातांचा काढा. तंगूस बोटावर दोन वेढे घेतलेली, तर्जनी जराशी वर उचललेली. परवानगी विचारू नका, नाही म्हणतील.

आणि ता. क. मधला तो बुटका. तुमच्या वर्णनावरून तो हिरवा बगळा असावा. कांदळाच्या मुळावर तासन्‌तास दगडासारखा बसतो, मान इतकी आखडून की मान आहे हे खरंच वाटत नाही, आणि मासा आला की तीच मान हातभर बाहेर येते. हा बगळा काही वेळा पाण्यावर किडा, पीस किंवा पावाचा तुकडा टाकतो, त्याला हुंगायला मासा वर आला की उचलतो. जगात अनेक ठिकाणी लोकांनी हे पाहून नोंदवून ठेवलंय. आमिष वाहून जायला लागलं तर उचलून परत जागेवर ठेवतो. म्हणजे तोही गरवायलाच बसलेला असतो, तुमच्यासमोर, रोज, त्याच जागी.

तुमच्या खाडीत तो हे करतो का, ते अण्णांना विचारा. त्यांनी पाहिलं असेल तर ते लगेच सांगणार नाहीत, आधी हसतील. मग नावही नीट ऐकून घ्या. माझ्या मामाकडे त्या पक्ष्याला जे म्हणायचे ते छापण्यासारखं नव्हतं, तुमच्याकडे काय म्हणतात ते मला जरूर कळवा.